अपुऱ्या गोधड्यांचा इतिहास

जुन्या घरांतील मोठी पेटी उघडली म्हणजे तिच्या तळाशीं बहुधा एक गांठोडें सांपडतें. वरच्या पैठण्यांची, शालूंची आणि आहेराच्या खणांची विचारपूस होते. या गांठोड्याची होत नाहीं. त्यांत एक गोधडी असते. पण ती पुरी झालेली नसते. चारी कडांनीं आंत वळत गेलेला धांवदोरा मध्येंच थांबलेला असतो, थर सरकूं नयेत म्हणून घातलेले लांब कच्चे टांके तसेच असतात, आणि एखाद्या वेळीं दोरा ओवलेली सुई गंजून कापडांतच रुतलेली असते. घरांतील मंडळी ती पाहून हंसतात. "आजीनें करायला घेतली होती, राहिली," एवढ्या एका वाक्यांत तिचा सारा इतिहास आटोपतो, आणि 'राहिली' या शब्दांत आळसाचा थोडासा ठपका असतोच.

हा ठपका कितपत न्याय्य आहे, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे. गोधडी अपुरी कां राहते, पूर्वीं ती पुरी कशी होत असे, आणि आज वर्षभराच्या नेमानें अशीं राहिलेलीं कामें पुरीं करण्यांत कांहीं अर्थ आहे काय, हे तीन प्रश्न वाटतात तितके घरगुती नाहींत. त्यांच्या उत्तरांत शेतीचें वेळापत्रक, भिक्षूंचे नियम, कापडाच्या गिरण्या आणि बायकांचे हात हीं सारीं येतात. उदाहरणासाठीं आम्हीं गोंदिया जिल्ह्यांतील तिरोड्याचा टापू घेतला आहे. कारण तेथील धानशेतीच्या वर्षांत या प्रश्नाचें मूळ फार स्पष्ट दिसतें.

प्रथम साधा हिशेब करूं. नऊवारी लुगडें म्हणजे सत्तावीस फूट कापड. सहा फूट लांबीच्या गोधडीसाठीं तें चौपदरी घातलें कीं चोवीस फूट चार थरांत जातें आणि तीन फूट, म्हणजे एक वार, उरतें. हा वार ठिगळांना व कडेच्या पट्टीला उपयोगीं पडतो. पन्हा सुमारें चार फुटांचा धरूं. दुसऱ्या एका लुगड्याचे असेच थर आंत घातले म्हणजे थंडीला पुरेशी जाडी येते. आतां शिवण. दोन ओळींत अंगठ्याएवढें, म्हणजे सुमारें एक इंच, अंतर ठेवून कडेपासून मध्यापर्यंत धांवदोरा घातला तर दोऱ्याची वाट शहाण्णव वार होते. दहा लुगडीं एकापुढें एक पसरलीं तरी ती संपत नाहीं. अर्ध्या इंचाला एक टांका धरला तर टांके होतात सुमारें सात हजार. मिनिटाला दहा टांके असा संथ वेग धरला तरी हें काम साडेअकरा तासांचें आहे. रोज एक तास दिला तर गोधडी बाराव्या दिवशीं पांघरतां यावी. आणि ती एक तपभर पेटींत पडून असते! तेव्हां अडचण हाताच्या वेगाची नाहीं. तो रोजचा एक तास कोणाच्या मालकीचा होता, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं वस्तूच्या नांवाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. गोधडी हें नांव साऱ्या महाराष्ट्रांत समजतें. पश्चिम महाराष्ट्रांत, विशेषतः कोल्हापूरच्या बाजूस, तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठीं केलेलें लहान तें दुपटें. कर्नाटकांत ती कौदी होते, तिरोड्याच्या पूर्वेस छत्तीसगडांत कथरी होते, आणि बंगाल्यांत कांथा होते. कथरी आणि कांथा या दोघी संस्कृत 'कंथा' शब्दाच्या लेकी आहेत. ही कंथा जुन्या वाङ्मयांत दिसते ती बहुधा विरक्ताच्या अंगावर. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत शंभर ठिकाणीं विरलेल्या लंगोटीच्या जोडीला तशीच कंथा आहे. शंकराचार्यांच्या नांवावर चालणाऱ्या चर्पटपंजरिका स्तोत्रांत वाटेवरच्या चिंध्यांची कंथा आहे. नाथपंथी जोग्याच्या वेषांतहि ती आहे. विदर्भांत तर अगदीं अलीकडचें उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले आणि १९५६ सालीं निवर्तलेले गाडगे महाराज चिंध्या जोडून केलेलें वस्त्र वापरीत, त्यामुळें लोक त्यांना गोधडेबुवाहि म्हणत.

वैराग्याची खूण म्हणून कंथेला असा मोठा मान मिळाला. परंतु ज्या घरांत कोणी वैरागी नव्हतें, नुसती थंडी होती, त्या घरांतल्या गोधडीला स्तोत्रांत शिरण्याचें कारण नव्हतें. सरकारी कागदांनाहि तिची आठवण ठेवण्याचें कारण नव्हतें. ज्या वस्तूवर कर बसतो, जिची पेठेंत विक्री होते, जी जहाजांत चढते, ती कागदांत येते. दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज गृहस्थ सोळाव्या शतकाच्या आरंभीं खंबायतेंतील सुंदर रजयांची वाखाणणी करून गेला, कारण त्या व्यापाराचा माल होत्या. घरांतल्या घरांत जुन्या लुगड्यापासून होणारी आणि घरांतच झिजून संपणारी गोधडी अशा कोणत्याहि जमाखर्चांत बसली नाहीं. तिचा इतिहास लिहावयाचा तर तो त्या बाईच्या दिवसाच्या जमाखर्चांतच शोधावा लागतो.

तिरोड्याचा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यांतला. ब्रिटिश अमदानींत भंडारा जिल्ह्याचे भंडारा, तिरोडा व साकोली असे तीन तहसील होते. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला आणि तिरोडा त्यांत गेला. एका अंगाला नागझिऱ्याचें जंगल आणि बाकी सर्वत्र धानाच्या बांध्या असा हा झाडीपट्टीचा प्रदेश आहे. येथें वर्ष धानावर चालतें. मृगाचा पाऊस पडला कीं पऱ्हे टाकले जातात. आषाढ-श्रावणांत चिखल करून रोवणी होते, आणि रोवणी हें मुख्यतः बायकांचें काम. दिवसभर चिखलांत ओणवें राहून रोपें लावलेल्या बाईनें रात्रीं सुई धरावी ही अपेक्षाच निर्दयपणाची होईल. पोळा होतो न होतो तों निंदणाची घाई. आश्विन-कार्तिकांत हलक्या धानाची कापणी, त्यामागून भारी धानाची. मग भारे बांधणें, वाहणें, मळणी. दिवाळी झाली कीं गांवोगांवच्या मंडया भरतात, दंडार आणि नाटकें होतात, आणि घरांत पाहुण्यांची रीघ लागते. हेच थंडीचे दिवस. ज्या रात्रीं पांघरूण कमी पडतें त्या रात्रींच्या आधींचा सारा दिवस खळ्यांत गेलेला असतो.

माघांत कोठें उसंत मिळते. फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोहफुलें वेचण्यास जाणाऱ्या बायकांनाहि दुपार थोडी मोकळी सांपडते. पण तोंवर ऊन तापूं लागलेलें असतें, थंडी विसरलेली असते, आणि गोधडीची निकड कोणालाच वाटत नाहीं. त्यांतच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, लग्नें येतात. पुनः मृगाचे ढग दिसूं लागले कीं अर्धवट काम गुंडाळून पेटींत जातें. गरज असते तेव्हां वेळ नसतो आणि वेळ असतो तेव्हां गरज नसते: गोधडी अपुरी राहण्याचें कारण एवढेंच, आणि तें कोणा एका बाईच्या स्वभावांत नसून वर्षाच्या रचनेंत आहे. लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांपासून जशी गोधडी होते, तशी ती दिवसाच्या उरलेल्या तुकड्यांतच करावी लागते. तुकडे जोडतां येतात हें खरें. पण त्यांच्यामध्यें सहा-सहा महिन्यांचें अंतर पडलें कीं जोडणारी सुईच हरवते.

याच घरांत दुपटें मात्र सहसा अपुरें राहत नाहीं. दुपट्याला दिवस ठरलेला असतो. मूल थांबत नाहीं. शिवाय तें एकटीनें शिवावयाचें नसतें. आई, आजी, मावशी, शेजारीण यांचे हात त्याला लागतात. ठरलेला दिवस आणि अनेकांचे हात या दोन गोष्टी मिळाल्या कीं काम पुरें होतें. हा अनुभव प्रत्येक घराला आहे. पण त्याचा नियम करण्याचें श्रेय द्यावयाचें तर फार मागें, बौद्धांच्या विनयापर्यंत जावें लागेल.

धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या पंडितांनीं बौद्ध संघाची ओळख मराठी वाचकांना करून दिलीच आहे. भिक्षूचें चीवर तुकडे जोडून केलेलें असे. महावग्गांत अशी कथा आहे कीं, राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जातांना बुद्धानें मगध देशांतील शेतें पाहिलीं: रेषांनीं आंखल्यासारखे बांध आणि त्यांमधले चौकोन. त्यानें आनंदाला विचारलें, भिक्षूंसाठीं अशा आकृतीचें वस्त्र तुला करतां येईल काय? आनंदानें तशा कापणीचें चीवर करून दाखविलें आणि तीच पद्धति संघांत रूढ झाली. रोवणीनंतरच्या दिवसांत तिरोड्याकडील बांध्या ज्यानें पाहिल्या असतील त्याला ही कथा समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. त्याच्या घरच्या गोधडीवर तेच बांध आणि तेच चौकोन आहेत.

या चीवराच्या शिवणीला मुदत होती. वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना हा 'कठिण' नांवाच्या विधीचा काळ. या काळांत संघाला कठिणासाठीं कापड मिळालें तर तें त्याच दिवशीं कापून, शिवून, रंगवून तयार झालें पाहिजे. दिवस उलटला कीं तें कठिण म्हणून चालत नाहीं. शिवण्यासाठीं कापड ज्या चौकटीवर ताणीत तिलाहि कठिण हाच शब्द आहे. एका दिवसांत काम व्हावयाचें तर तें एकट्याकडून होणें शक्य नाहीं. सर्वांनीं बसावें लागतें. धम्मपदाच्या अट्ठकथेंत अनुरुद्ध स्थविराची गोष्ट आहे. त्याचें चीवर शिवावयाचें होतें तेव्हां महाकश्यप, सारिपुत्त आणि आनंद हे तिघे एकेका भागाला शिवावयास बसले, इतर भिक्षूंनीं सूत कातलें, आणि स्वतः बुद्धानें सुईंत दोरा ओवून दिला. एवढ्या थोर मंडळींना शिवणकाम हलकें वाटलें नाहीं. सुई ही बायकांनींच धरावी, असा नियम तेथें नाहीं.

कठिणाची वेळहि विचार करण्यासारखी आहे. पाऊस संपला आहे, थंडी यावयाची आहे, अशा सांध्यावर तो महिना ठेवलेला आहे. गरज आणि वेळ यांची चुकामूक होते, ती नेमका दिवस ठरवून टाळावी, ही त्यांतली शहाणी योजना. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतर केलें, तेव्हांपासून हा विधि विदर्भाला केवळ ग्रंथांतला राहिलेला नाहीं. वर्षावासाच्या अखेरीस येथील अनेक विहारांत चीवरदान होतें.

आतां कापडाकडे पाहूं. गोधडीला वेळ जसा लागतो तसें जुनें, मऊ झालेलें सुती कापड लागतें. १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालूं झाली. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि तिनें आधींची नागपूर-छत्तीसगड लाईन घेऊन ती रुंद मापाची केली. तिरोडा याच लोहमार्गावर आहे. मागाच्या कापडाबरोबर गिरणीचें कापडहि यानंतर खेड्यांतल्या अंगावर आलें, आणि अंगावरून उतरल्यावर गोधडींत गेलें. कोष्ट्यानें विणलेलें जाड लुगडें आणि गिरणीचें पातळ धोतर एकाच गोधडींत शेजारीं बसलेलें दिसतें, तें या बदलाचें साक्षीदार आहे.

दुसऱ्या महायुद्धांत कापडाचा दुष्काळ पडला. १९४३ च्या जूनमध्यें सरकारला कापड व सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. अंगावरचें लुगडें जेथें आणखी एक वर्ष चालवावें लागे, तेथें गोधडीसाठीं कापड कोठून सुटणार? अशा वेळीं करायला घेतलेली गोधडी राहिली तर ती कापडाअभावीं राहिली असें समजावें. पण त्याहून मोठा फरक पुढें, १९६० नंतरच्या दशकांत पडला. नायलॉन-पॉलिएस्टरचीं पातळें आलीं. तीं धुण्यास सोपीं, वाळण्यास जलद, टिकण्यास चिवट. पण गोधडीला निरुपयोगी. त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषीत नाहींत, आणि झिजून मऊ तर कधींच होत नाहींत. सुती लुगड्यांचा जो ओघ पिढ्यान् पिढ्या पेटीकडे वाहत होता तो असा आटला. तोंवर बाजारांत हलकीं आणि स्वस्त ब्लँकेटें आलीं. निकड संपली, काम थांबलें.

म्हणून आज पेटीच्या तळाशीं जी अपुरी गोधडी आहे तिचें महत्त्व वाढलें आहे. ती राहिली तर दुसरी करूं, असें आतां म्हणतां येत नाहीं. तिच्यांतलें कापड पुनः मिळणार नाहीं. आणि हें ठिगळ कोणाच्या चोळीचें, हा काठ कोणत्या लग्नांतल्या लुगड्याचा, हें सांगणारें माणूसहि फार काळ सांगत बसणार नाहीं.

अशीं कामें इतर देशांतहि झालीं आणि राहिलीं. १८४१ सालच्या एप्रिलमध्यें 'राजा' नांवाचें जहाज इंग्लंडांतून १८० बंदिवान स्त्रियांना घेऊन टास्मानियाकडे निघालें. एलिझाबेथ फ्राय या दयाळू बाईच्या मंडळीनें त्यांना सुया, दोरे व कापडाचे तुकडे दिले होते. जुलैमध्यें जहाज होबार्टला लागलें तेव्हां २,८१५ तुकड्यांची एक मोठी चादर तयार होती. ती आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहांत आहे. मुदत साडेतीन महिन्यांची होती आणि हात अनेक होते. १८६३ सालीं, अमेरिकेंतील यादवी युद्ध चालूं असतां, व्हर्माँट प्रांतांतील जेन स्टिकल हिनें एक गोधडी पुरी केली आणि तिच्या कोपऱ्यांत आपलें नांव, युद्धकाळाचा उल्लेख, सन आणि ५,६०२ ही तुकड्यांची संख्या टांक्यांनीं लिहून ठेविली. एवढ्या एका ओळीमुळें ती गोधडी कागदपत्राच्या योग्यतेची झाली.

बंगालचें भाग्य आमच्याहून बरें. तेथें गुरुसदय दत्त यांनीं जुन्या कांथा मिळवून त्यांचा संग्रह केला, स्टेला क्रामरिश यांनीं १९३९ सालीं त्यांवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला, आणि जसीमउद्दीन यांनीं १९२९ सालीं 'नक्षी कांथार माठ' हें काव्य लिहून एका खेड्यांतल्या मुलीची कांथा साऱ्या प्रांताला ठाऊक केली. त्या काव्यांतील नायिका नवऱ्याची वाट पाहत आपल्या आयुष्याचीं चित्रें कांथेवर काढीत जाते, आणि मरतांना ती आपल्या कबरीवर पसरावी असें सांगते. आमच्या गोधडीवर चित्रें कमी आणि ठिगळें फार. म्हणून ती कलेच्या दालनांत उशिरां पोहोंचली. पण हकीकत तिच्यांतहि आहे.

येथें एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. इतिहासाच्या दृष्टीनें अपुरी वस्तु अपुरीच ठेवावी, तिला हात लावूं नये, असें कोणी म्हणेल. इंग्लंडांत कागदाचे सांचे आंत घालून तुकडे जोडण्याची रीत होती. गोधडी पुरी झाली कीं कागद काढून टाकीत. त्यामुळें ज्या अपुऱ्या राहिल्या त्यांतच जुनीं पत्रें, वह्यांचीं पानें, वर्तमानपत्रांचे कपटे सांपडतात आणि अभ्यासकांना काळ ठरवितां येतो. तेथें अपुरेपणानें पुरावा राखला हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु आमच्या गोधडीच्या पोटांत कागद नसतो. तिचा पुरावा घरांतल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं असतो. पेटींत बंद राहिलेल्या गोधडीला कसर लागते, उंदीर कुरतडतो, घडीच्या रेषेवर कापड विरतें. आणि सांगणारीं माणसें जातात. तिला बाहेर काढून मांडीवर घेतल्याशिवाय हीं माणसें बोलूंहि लागत नाहींत. तेव्हां आमच्याकडे तरी काम पुढें चालविणें हाच पुरावा राखण्याचा मार्ग आहे.

हें काम एका वर्षाच्या नेमानें करावें, आणि तिरोड्याच्या वर्षालाच अनुसरून करावें. दिवाळीच्या आवरासावरींत पेटी उघडावी. जितक्या गोधड्या अपुऱ्या असतील तितक्या मोजाव्या, आणि घरांतील वडील बायकांना बसवून प्रत्येक ठिगळाची हकीकत वहींत लिहून घ्यावी. सुईला हात लावण्याआधीं ही वही झाली पाहिजे. थंडी चालूं असतांनाच कोणाला पांघरूण कमी पडतें हें ठरवून प्रत्येक गोधडीला एक धनी नेमावा. धनी ठरला कीं निकड आपोआप येते. माघ-फाल्गुनांत कापडें उन्हांत घालावीं, विरलेल्या जागीं नवीं ठिगळें लावावीं. फाल्गुनापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत ज्या दुपारी सांपडतात त्यांत मोठी शिवण उरकावी. रोवणीच्या दिवसांत सुई बाजूला ठेवावी. तेव्हां हात शेताचे असतात. पोळ्यानंतर कडा व कोपरे करावे, आणि कोजागिरीला सर्व गोधड्या घडी करून ज्याच्या त्याच्या हवालीं कराव्या. कोजागिरी हीच आश्विन पौर्णिमा. भिक्षूंच्या कठिणाचा काळ येथूनच सुरू होतो आणि थंडीहि येथूनच चाहूल देते.

हें ओझें फार नाहीं. चार गोधड्या अर्ध्या-अर्ध्या शिवलेल्या आहेत असें धरलें तर आरंभीच्या हिशेबानें उरलेलें काम तेवीस तासांचें आहे. चार माणसांत वांटलें तर प्रत्येकाच्या वांट्याला वर्षांत सहा तासहि येत नाहींत. माणसांत पुरुषहि धरावे. सारिपुत्ताला जें साधलें तें आपल्या घरांतील पदवीधर मुलाला साधण्यास हरकत नसावी. तेलाच्या दिव्याची सबबहि राहिली नाहीं. ३,३०० मेगावॅटचें वीजकेंद्र आतां तिरोड्यांतच उभें आहे.

शिवतांना एक पथ्य मात्र पाळावें. आधींच्या हाताचे टांके लहान असोत, मोठे असोत, तिरके गेलेले असोत, ते उसवूं नयेत. नवा दोरा रंगानें किंचित् वेगळा असला तर उत्तम. एकीचें काम कोठें संपलें आणि दुसरीचें कोठें सुरू झालें हें त्यावरून पुढच्यांना कळेल. कर्नाटकांत हल्याळ-यल्लापूरच्या बाजूच्या सिद्दी बायका गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या लहान घड्यांचीं फुलें लावतात, आणि तीं नसलीं तर गोधडी उघडी राहिली असें मानतात. आपणहि शेवटच्या कोपऱ्यांत दोन्ही हातांचीं नांवें व सालें टांक्यांनीं लिहावीं. आजीचें नांव पहिलें असावें. रोवणीच्या चिखलांत, कापडाच्या दुष्काळांत आणि पाहुण्यांच्या गर्दींत तिनें जेवढे टांके घातले तेवढे तिच्या वेळेंतले नव्हते. दुसऱ्यांच्या वेळेंतून वांचविलेले होते. राहिलेले टांके आपल्याकडे तिचें देणें म्हणून आले आहेत, आणि तें फेडण्यास फार तर वर्ष लागेल.